हायड्रोजनचा नकाशा आणि तीस मेगाहर्ट्झची लहर

एकट्या पडलेल्या हायड्रोजनच्या अणूला २१ सेंटीमीटरची रेडिओलहर सोडायला सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं लागतात. इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारखा त्याचा गुण, प्रोटॉनच्या स्पिनला समांतर असतो, तो कधीतरी उलटा होतो आणि त्या उलटण्यातून १४२०.४ मेगाहर्ट्झची एक क्षीण लहर निघते. इतक्या क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर कुणी विज्ञान उभं करेल असं वाटत नाही. पण विश्वात हायड्रोजन अफाट आहे, त्यामुळे प्रत्येक क्षणी कुठला ना कुठला अणू उलटत असतोच. हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ साली ही लहर आकाशात सापडायला हवी असं सांगितलं आणि २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये यूइन आणि पर्सेल यांनी ती पकडली.

या लहरीचं मोल तिच्या ठरलेल्या आकड्यात आहे. ती प्रवासात असताना विश्व पसरतं, तशी लहरही ताणली जाते आणि तिची वारंवारता उतरते. आज ७१० मेगाहर्ट्झवर पोचलेली लहर निघाली तेव्हा विश्व आजच्या निम्म्या मापाचं होतं. याला रेडशिफ्ट १ म्हणतात. ४०० मेगाहर्ट्झवर येणारी लहर त्याहून जुनी, रेडशिफ्ट अडीचची, साधारण १,१०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली. रिसीव्हरवरची वारंवारता बदलली की आपण विश्वाच्या वेगळ्या वयात जातो. आकाशातल्या दोन दिशा आणि तिसरी मिती म्हणून वारंवारता, एवढ्यावर त्रिमितीय नकाशा तयार होतो. प्रकाशाच्या दुर्बिणींना प्रत्येक दीर्घिकेचा वर्णपट वेगळा घ्यावा लागतो. इथे अंतराची माहिती सिग्नलमध्येच असते. मला या पद्धतीचं सर्वांत जास्त आकर्षण वाटतं ते इथे.

नकाशा हवा आहे तो कृष्ण ऊर्जेसाठी. १९९८ साली दोन गटांनी दूरच्या सुपरनोव्हांवरून दाखवून दिलं की विश्वाचं प्रसरण मंदावत नाहीये, उलट वेग घेतंय. हा वेग कशामुळे, त्याचं नाव कृष्ण ऊर्जा. विश्वातल्या एकूण ऊर्जेत तिचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास आहे आणि तिच्याबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अगदी छोटा आहे: ती काळानुसार बदलते का? आइन्स्टाइनच्या स्थिरांकासारखी ती अचल असेल तर प्रसरणाचा इतिहास एका ठरलेल्या वाटेने जातो. बदलत असेल तर त्या वाटेपासून तो जरासा ढळतो. ॲरिझोनातल्या किट पीकवरून दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी सर्वेक्षणाचे मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष इतर मोजमापांशी जोडले तेव्हा अशा ढळण्याची चिन्हं दिसली, २.८ ते ४.२ सिग्मा (निव्वळ योगायोग नसल्याची खात्री मोजायचं माप) इतकी, आणि नेमकी किती ते कुठला सुपरनोव्हांचा संच घेतला त्यावर अवलंबून. शोध म्हणायला ५ सिग्मा लागतात. अशा वेळी तीच गोष्ट पूर्णपणे वेगळ्या यंत्राने मोजलेली हवी, कारण वेगळ्या यंत्राच्या चुकाही वेगळ्या असतात. दोघांचं उत्तर जुळलं तर ते आकाशातून आलेलं असण्याची शक्यता मोठी.

मोजायचं काय, तर एक लांबी. महास्फोटानंतर पहिली ३,८०,००० वर्षं विश्वात तापलेला प्लाझ्मा होता आणि त्यातून ध्वनिलहरी प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने धावत होत्या. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकत्र येऊन अणू बनले तेव्हा या लहरी जागच्या जागी थांबल्या. तोवर त्यांनी कापलेलं अंतर आजच्या मापाने सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षं भरतं. दोन दीर्घिका एकमेकींपासून एवढ्या अंतरावर सापडण्याची शक्यता किंचित जास्त असते, शेकडा एखाद्या टक्क्याने. ही खूण २००५ साली स्लोन आणि टूडीएफ या दोन सर्वेक्षणांत पहिल्यांदा दिसली. बेरिऑन अकूस्टिक ऑसिलेशन असं तिचं भारदस्त नाव. या क्षेत्रातले लोक तिला नुसतं बाओ म्हणतात. लांबी ठाऊक असल्यामुळे ती आकाशात किती अंशांची दिसते यावरून त्या काळातलं अंतर निघतं. रेडशिफ्ट ०.८ वर ती सुमारे ३ अंशांची दिसते, रेडशिफ्ट २.५ वर १.४ अंशांची. दृष्टिरेषेच्या दिशेने हीच लांबी वारंवारतेत मोजली तर साधारण २० ते १२ मेगाहर्ट्झ भरते. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवायला हवा. पुढची बरीचशी अडचण त्याच्याच आसपास घुटमळते.

तीन अंश म्हणजे पूर्ण चंद्राच्या सहापट रुंदी. एवढी मोठी खूण बघायला प्रत्येक दीर्घिका सुटी दिसायची गरजच नाही. पाटाच्या पाण्याची पातळी मोजताना कुणी थेंब मोजत नाही. हजारो दीर्घिकांच्या हायड्रोजनचा एकत्र उजेड, ठिपक्याठिपक्याने किती कमी-जास्त आहे एवढंच नोंदवायचं. यालाच इंटेन्सिटी मॅपिंग म्हणतात. या कल्पनेच्या पहिल्यावहिल्या हिशेबांपैकी एक भारतात झाला होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. सोमनाथ भारद्वाज, बिमान नाथ आणि शिव सेठी यांनी २००१ साली रेडशिफ्ट ३ च्या आसपासच्या हायड्रोजनमधून विश्वाची मोठी रचना कशी वाचता येईल ते मांडलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दुर्बीण होती ती जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी. प्रत्यक्ष आकाशात या पद्धतीचं पहिलं ठळक यश २०१० साली मिळालं. अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या १०० मीटर तबकडीने घेतलेला नकाशा डीप-२ सर्वेक्षणातल्या दीर्घिकांच्या जागांशी ताडून पाहिला, तेव्हा रेडशिफ्ट ०.८ वरचा हायड्रोजन त्या जागांवर सापडला.

मग हे काम जीएमआरटीच का करत नाही, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच. उत्तर तबकडीच्या मापात आहे. जीएमआरटीच्या तीस तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. ६०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ५० सेंटीमीटर; तिला ४५ मीटरने भागलं की एका तबकडीला एका वेळी दिसणारं आकाश निघतं, पाऊण अंशाहून कमी. अडीच-तीन अंशांची खूण त्या चौकटीत मावत नाही. दोन तबकड्यांमधलं अंतर जितकं जास्त तितकी बारीक रचना दिसते आणि मोठी रचना हातून सुटते. ४५ मीटरच्या तबकड्या एकमेकींच्या फार जवळ आणताच येत नाहीत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी दोर आणि बारीक तारेच्या जाळीवर उभारलेली ही दुर्बीण एकेका दीर्घिकेच्या तपशिलासाठी जगात अव्वल आहे. बाओसाठी मात्र उलटी रचना लागते: लहान तोंडाचे पुष्कळ अँटेना, एकमेकांना खेटून, सगळं मिळून फुटबॉलच्या मैदानाएवढं.

कॅनडातली चाइम ही दुर्बीण नेमकी अशी आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पेंटिक्टनजवळ, डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात, डोमिनियन रेडिओ ॲस्ट्रोफिजिकल ऑब्झर्व्हेटरीच्या आवारात ती उभी आहे. पन्हळीसारखे चार पॅराबोलिक सिलिंडर, प्रत्येक १०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, दक्षिणोत्तर आडवे ठेवलेले. काहीही हलत नाही. पृथ्वी फिरते आणि आकाश वरून सरकत जातं. सिलिंडर पूर्व-पश्चिम दिशेला लहरी एकत्र आणतो, दक्षिणोत्तर दिशेला आणत नाही, म्हणून डोक्यावर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत एक अरुंद पट्टा एकदम दिसतो आणि दिवसभरात उत्तरेकडचं जवळजवळ सगळं आकाश नजरेखालून जातं. सिलिंडरची कल्पना भारतीयांना अनोळखी नाही. स्वरूप यांच्याच गटाने १९७० साली उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद सिलिंडर उभारला. डोंगराचा उतार त्या जागेच्या अक्षांशाइतका, ११ अंशांचा निवडला, म्हणजे दुर्बिणीचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. उटीची दुर्बीण ३२६.५ मेगाहर्ट्झवर चालते आणि ही वारंवारता म्हणजे रेडशिफ्ट ३.३५ चा हायड्रोजन.

चाइमच्या प्रत्येक सिलिंडरच्या नाभिरेषेवर २५६ फीड (लहरी टिपणारे छोटे अँटेना) आहेत, एकमेकांपासून ३०.४८ सेंटीमीटरवर, म्हणजे बरोबर एक फूट. प्रत्येक फीड दोन ध्रुवण, म्हणजे लहरीच्या कंपनाच्या दोन दिशा, वेगवेगळी घेतो. चार सिलिंडर धरून २,०४८ सिग्नल. ते सुमारे ५० मीटर केबलमधून सिलिंडरांच्या मधल्या कंटेनरमध्ये येतात आणि प्रत्येक सिग्नलचे सेकंदाला ८० कोटी नमुने घेतले जातात. आकडा मुद्दाम तेवढा निवडलेला आहे: ८० कोटींच्या वेगाने नमुने घेतले की ४०० ते ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा दुमडून, उलट्या क्रमाने पण काही न गमावता, खाली येतो आणि मधे वारंवारता उतरवणारा मिक्सर लावावा लागत नाही. मिक्सर नाही म्हणजे बिघडणारा एक भाग कमी. प्रत्येक नमुना ८ बिटांचा, तेव्हा एकूण प्रवाह सेकंदाला १३ टेराबिटचा. एफपीजीए बोर्ड, म्हणजे या कामासाठी जुळवलेल्या चिप, त्याचे १,०२४ पट्टे पाडतात, प्रत्येक ३९० किलोहर्ट्झ रुंदीचा. मग २५६ संगणकांवरचे जीपीयू (ग्राफिक्स चिप), प्रत्येक संगणकावर चार पट्टे असे, प्रत्येक सिग्नलचा दुसऱ्या प्रत्येक सिग्नलशी गुणाकार करतात. २,०४८ सिग्नलांच्या जोड्या वीस लाखांवर जातात. पट्ट्यांची संख्या धरली की सगळे मिळून दोन अब्जांहून जास्त गुणाकार, अखंड.

हे सगळं जपून ठेवणं शक्य नसतं. इथे रचनेची नियमितता कामाला येते. एकसारख्या अंतरावरचे फीड असल्यामुळे तीच बेसलाइन, म्हणजे दोन फीडमधलं तेच अंतर आणि तीच दिशा, शेकडो वेळा मिळते. त्या सगळ्यांची बेरीज केली की माहिती आटोपशीर होते. पण ही बेरीज तेव्हाच खरी, जेव्हा त्या शेकडो जोड्या खरोखर एकसारख्या असतात. एखाद्या अॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, चुकीचा धरला गेला तर त्याची चूक बेरजेत मिसळते आणि नंतर बाहेर काढता येत नाही. डेटा कमी करण्याआधीच कॅलिब्रेशन बरोबर असायला हवं. या यंत्रात नंतर दुरुस्त करू असं म्हणायची सोय नाही.

आता सिग्नल किती क्षीण आहे ते पाहू. रेडशिफ्ट १ च्या हायड्रोजनची चकाकी केल्विनच्या दहा हजाराव्या भागाच्या घरात भरते. चाइमच्या रिसीव्हरचं आणि आकाशाचं मिळून तापमान ५० केल्विनच्या आसपास. गुणोत्तर पाच लाखांचं. १ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच रिसीव्हरने गोंगाट सिग्नलइतका खाली आणायचा तर ढोबळ हिशेबाने अडीच लाख सेकंद, म्हणजे सुमारे ७० तास एकाच ठिकाणी बघावं लागेल. आणि सरकत्या आकाशात कुठलाही एक ठिपका दिवसाला काही मिनिटंच समोर असतो. म्हणून हजार फीड. तरीही, गोंगाटाची अडचण वेळ घालून सुटते. धीर धरला की वर्गमुळाच्या नियमाने गोंगाट खाली बसतो. धीराने न सुटणाऱ्या अडचणी निराळ्या आहेत.

पहिली अडचण आपली आकाशगंगा. चुंबकीय क्षेत्रात फिरणारे वेगवान इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉन लहरी सोडतात आणि त्यांचं तेज हायड्रोजनच्या चढउतारांपेक्षा दहा हजार ते लाख पट जास्त असतं. सुदैवाने या उजेडाचा वर्णपट अगदी गुळगुळीत असतो. वारंवारता वाढते तसं तेज एका सरळ घाताच्या नियमाने उतरत जातं. हायड्रोजनचा सिग्नल मात्र वारंवारतेनुसार वरखाली होतो, कारण दर काही मेगाहर्ट्झला आपण विश्वाच्या वेगळ्या थरात असतो. गुळगुळीत भाग वजा करायचा आणि खडबडीत भाग ठेवायचा. कागदावर एवढंच काम आहे.

पण दुर्बीण स्वतः गुळगुळीत नसते. इथेच या सगळ्या क्षेत्राचा कस लागतो, आणि माझं मत असं की पुढच्या दशकात कृष्ण ऊर्जेबद्दल रेडिओ दुर्बिणी काय सांगू शकतील हे आकाशापेक्षा धातू, केबल आणि अॅम्प्लिफायर यांच्या अभ्यासावर ठरणार आहे. चाइमच्या सिलिंडरची नाभी पृष्ठभागापासून ५ मीटर वर आहे. फीडवर पडलेल्या लहरीचा थोडा भाग परत फिरतो, खाली सिलिंडरवर आपटतो आणि पुन्हा फीडकडे येतो. जाऊन-येऊन १० मीटर. प्रकाशवेगाला १० मीटरने भागलं की उत्तर येतं ३० मेगाहर्ट्झ. म्हणजे दुर्बिणीच्या संवेदनक्षमतेवर दर ३० मेगाहर्ट्झला एक चढउतार, एक लहर उमटते, आणि आकाशगंगेचा तो गुळगुळीत, लाखपट तेजस्वी उजेड या लहरीतून आत येताना खडबडीत होऊन येतो. बाओची खूण २० ते १२ मेगाहर्ट्झची. लहर आणि खूण शेजारी शेजारी. सिलिंडर बांधताना ५ मीटर हा आकडा निवडण्यामागे चांगली कारणं होती: २० मीटर रुंदीच्या सिलिंडरची नाभी ५ मीटरवर असली की फीड नेमके काठाच्या पातळीला येतात आणि बाहेरचा व्यत्यय त्यांना कमी दिसतो. एका चांगल्या निर्णयाची ही किंमत आहे. केबलमध्येही असंच घडतं. ५० मीटर केबलच्या दोन्ही टोकांना थोडं परावर्तन झालं तर अडीच मेगाहर्ट्झच्या आसपासची बारीक लहर उठते. ती बाओच्या मापापासून दूर आहे, पण वजाबाकीच्या गणितात तीही त्रास देते.

म्हणून बीम, म्हणजे आकाशाच्या कुठल्या दिशेला फीड किती संवेदनशील आहे ते, मोजावा लागतो, प्रत्येक फीडचा, प्रत्येक वारंवारतेला. चाइमवर लिहिल्या गेलेल्या विश्लेषणांत गरज स्पष्ट मांडली आहे: बीमची रुंदी हजारात एका भागाइतकी अचूक ठाऊक हवी आणि गेन मिनिटामिनिटाला एका टक्क्याच्या आत. न हलणाऱ्या दुर्बिणीचा बीम मोजायचा कसा? शेजारीच २६ मीटरची जुनी गॉल्ट दुर्बीण आहे. ती एखाद्या तेजस्वी स्रोतावर, समजा हंस तारकासमूहातल्या सिग्नस ए वर, रोखून धरतात. तो स्रोत चाइमवरून सरकत असताना गॉल्टचा सिग्नल चाइमच्या प्रत्येक फीडशी गुणला की त्या फीडच्या बीमचा आलेख उमटतो, तीव्रता आणि फेज (लहर चक्राच्या कुठल्या टप्प्यात आहे ते) दोन्ही. याला होलोग्राफी म्हणतात. मर्यादा अशी की तेजस्वी स्रोत मोजकेच, आणि प्रत्येक स्रोत बीमचा एकच आडवा छेद देतो. मधली जागा भरायला सूर्य उपयोगी पडतो. वर्षभरात तो साडेतेवीस अंश उत्तरेपासून साडेतेवीस अंश दक्षिणेपर्यंत फिरतो आणि रोज एक नवा छेद देऊन जातो. पण तोच सूर्य हायड्रोजनच्या मोजमापात नकोसा. तो इतका तेजस्वी आहे की बीमच्या कडेने, फटीतूनही आत शिरतो. म्हणून हायड्रोजनसाठी रात्रीचाच डेटा घेतात.

तापमान हा दुसरा शत्रू. चाइम उभी आहे त्या ओकानागन खोऱ्यात हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात कडक ऊन. शंभर मीटर पोलाद ४० अंश फरकाने जवळपास ५ सेंटीमीटर लांबतं, आणि ८०० मेगाहर्ट्झला तरंगलांबीच मुळात ३७ सेंटीमीटर आहे. फीडमधलं अंतर बदललं की फेज बदलते. अॅम्प्लिफायरचा गेन उष्णतेने उतरतो. रोज एखादा तेजस्वी स्रोत माथ्यावरून जाताना सगळ्या फीडचे गेन एकदम काढतात. दोन स्रोतांच्या मधल्या तासांसाठी बाहेरच्या तापमानावरून गेन किती सरकला असेल त्याचा हिशेब लावतात. उन्हातून सावलीत जाणाऱ्या सिलिंडरची एक बाजू दुसऱ्या बाजूआधी निवते, आणि हा हिशेब हुकतो तो अशा वेळी.

तिसरा शत्रू माणूस. ४०० ते ८०० मेगाहर्ट्झ हा पट्टा टीव्ही आणि मोबाइल यांच्यासाठी सोन्याच्या भावाचा. कॅनडात टीव्हीची एक वाहिनी ६ मेगाहर्ट्झ घेते. वारंवारता म्हणजे काळ, त्यामुळे ६०० मेगाहर्ट्झजवळची एक वाहिनी गेली की विश्वाच्या इतिहासातला तेवढा एक सबंध थर नकाशातून गळतो. डोंगराआडच्या प्रक्षेपकाचा सिग्नल वरून जाणाऱ्या विमानावर आपटूनही दुर्बिणीत येतो. भारतात ७०० मेगाहर्ट्झचा म्हणून ओळखला जाणारा मोबाइल पट्टा आहे. त्यात टॉवर ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झवर बोलतात. हायड्रोजनच्या भाषेत हा रेडशिफ्ट ०.७७ ते ०.८७ चा काळ.

खोडदच्या परिसराला हा प्रश्न फार जवळून ठाऊक आहे. जीएमआरटीवर विश्वाच्या पहाटेचा हायड्रोजन शोधणाऱ्या गटाला रुंद पट्ट्याच्या व्यत्ययाचा माग काढताना तो विजेच्या तारांपाशी सापडला होता. सैल जोडणीत किंवा तडकलेल्या इन्सुलेटरवर ठिणगी उडाली की ती एका वारंवारतेवर थांबत नाही, सगळा पट्टा व्यापते. पुणे-नाशिक रेल्वेची नारायणगावजवळून जाणारी आखणी जीएमआरटीमुळे अडली ती याच प्रकारच्या काळजीने. ओव्हरहेड तार आणि पँटोग्राफ यांच्यामधली ठिणगी रेडिओ दुर्बिणीला शंभर मोबाइलपेक्षा नकोशी, कारण मोबाइलचा पट्टा ठाऊक असतो आणि तो बाजूला काढता येतो. जुन्नर-आंबेगावच्या लोकांची नाराजी मी हलकी मानत नाही. रेल्वे ही तिथली खरी गरज आहे. दुर्बिणीची बाजू मांडणाऱ्यांनी ठिणगीचं हे गणित गावातल्या सभांत, मराठीत, आकड्यांसकट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इतकं सगळं सांभाळून हाती काय आलं? चाइमने २०१९ सालातल्या १०२ रात्रींचा डेटा घेतला आणि ईबॉस या प्रकाशाच्या दुर्बिणीवरच्या सर्वेक्षणातल्या दीर्घिका आणि क्वासार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) जिथे आहेत तिथे नकाशाचे तुकडे एकावर एक रचले. रेडशिफ्ट ०.८४, ०.९६ आणि १.२० अशा तिन्ही संचांत हायड्रोजन ठळकपणे दिसला. क्वासारांच्या संचात तो ११.१ सिग्मा होता. पुढे क्वासारांच्या वर्णपटातल्या लायमन-अल्फा रेषांशी, म्हणजे वाटेतल्या हायड्रोजनने शोषलेल्या प्रकाशाच्या खुणांशी, ताडून तो रेडशिफ्ट २.३ वरही सापडला. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीने २०२३ साली एक पाऊल वेगळं टाकलं. कुठल्याही दीर्घिकांच्या यादीचा आधार न घेता, नुसत्या स्वतःच्या डेटातून, रेडशिफ्ट ०.३२ आणि ०.४४ वर हायड्रोजनचे चढउतार मोजले. हे महत्त्वाचं अशासाठी की दीर्घिकांच्या यादीशी ताडताना दुर्बिणीच्या बऱ्याच चुका आपोआप गळतात, त्या यादीत त्या नसतात ना. स्वतःचा डेटा स्वतःशीच ताडताना चुकांचा वर्ग, म्हणजे चूक गुणिले चूक, होऊन त्या समोर येतात.

चाइमच्या त्या १०२ रात्रींच्या विश्लेषणात बाओ मोजला गेला नाही, आणि त्याचं कारण सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. आकाशगंगा काढून टाकायला जी गाळणी लावली, तिने वारंवारतेतले सगळे संथ चढउतार कापले. बाओची खूण त्याच संथ भागात होती. बीम जितका अचूक कळेल तितकी गाळणी सैल करता येईल, आणि तितकी ती खूण परत मिळेल. म्हणून होलोग्राफीवर घालवलेली वर्षं मला कृष्ण ऊर्जेवरचंच काम वाटतात, तिची तयारी नव्हे.

जीएमआरटीचा वाटा इथे वेगळ्या दाराने येतो. चढउतारांच्या नकाशातून दोन गोष्टींचा गुणाकारच मिळतो: विश्वात हायड्रोजन एकूण किती आणि तो पदार्थाच्या गर्दीमागे किती जातो. त्या सुट्या करायला कुणीतरी हायड्रोजन वेगळा मोजून द्यावा लागतो. २०२० साली आदित्य चौधरी, निस्सीम कानेकर, जयराम चेंगलूर, शिव सेठी आणि के. एस. द्वारकानाथ यांनी सुधारित जीएमआरटीने डीप-२ च्याच भागातल्या ७,६५३ दीर्घिकांचे सिग्नल एकावर एक रचून रेडशिफ्ट १ च्या आसपास एका दीर्घिकेत सरासरी किती हायड्रोजन असतो ते काढलं: सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १,२०० कोटी पट. ज्या आकाशाच्या तुकड्यावर २०१० साली ग्रीन बँकने पहिली खूण पाहिली, त्याच सर्वेक्षणाच्या दीर्घिकांची खोडदमधून ही मोजदाद झाली.

आता चाइमच्या शेजारी कॉर्ड नावाची पुढची दुर्बीण उभी राहते आहे. सिलिंडर सोडून तिने ६ मीटर व्यासाच्या ५१२ तबकड्या घेतल्या आहेत, ३०० ते १५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी, कंपोझिट साच्यातून काढलेल्या, म्हणजे एक तबकडी दुसरीसारखीच निघावी. तबकडी मुद्दाम खोल आहे. नाभीचं अंतर व्यासाच्या ०.२१ पट, म्हणजे सव्वा मीटर, आणि तबकडीची खोली पावणेदोन मीटरहून थोडी जास्त. फीड काठाच्या अर्धा मीटर खाली, आत बसतो. तिथे फीड ते तळ आणि परत हे अंतर अडीच मीटर, त्याची लहर १२० मेगाहर्ट्झची. बाओच्या २० मेगाहर्ट्झपासून ती चांगलीच लांब गेली. राहिलं ते एका तबकडीतून निसटून शेजारच्या तबकडीत शिरणारं परावर्तन. तो मार्ग १० मीटरचा झाला तर लहर पुन्हा ३० मेगाहर्ट्झचीच, आणि फीडला शेजारचा फीड दिसू नये म्हणून काठ एवढे उंच ठेवले आहेत.